गुरुदासच्या डोक्यावरचा ड्रोन

समुद्र तिरका झाला, म्हणून गुरुदासने कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

देवबागला त्याचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. पुढे समुद्र, मागे खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर घर. अशा जागेचा फोटो डोळे मिटून काढला तरी चांगला यायला हवा. पण गुरुदासने मोबाइलवर काढलेल्या फोटोत समुद्र असा कलंडलेला असायचा, की आता सगळं पाणी खाडीत सांडणार असं वाटावं. पुण्याच्या एका बाईंनी तर फोन करून विचारलं, "तुमचं घर उतारावर आहे का हो? आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात." ते बुकिंग गेलं. त्या दिवशी गुरुदास म्हणाला, बस्स, आता खरा कॅमेरा, गळ्यात अडकवायचा, मोठ्या भिंगाचा.

कसालला चंदनचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या सीझनसाठी त्याने नवा कॅमेरा आणला होता, जुना काढायचा होता. तो गुरुदासने घेतला. देताना चंदनने बजावलं, "काका, एक ध्येनात ठेवा. भिंग उघड्यार काढू नका. तुमच्याकडे वारो आसा, रेती आसा." गुरुदासने मान हलवली.

आता गुरुदास कसा माणूस आहे ते सांगायला हवं. एस.टी.त तो एकतीस वर्षं कारकून होता, पास देण्याच्या खिडकीवर. एकतीस वर्षं खोटे दाखले, खोटी वयं आणि खोटे शिक्के बघून त्याचा स्वभाव असा झाला होता, की देवळात तीर्थ घेतानाही तो आधी हळूच वास घ्यायचा. (एका म्हाताऱ्याचं वय पटेना म्हणून त्याने त्यांना तोंड उघडून दात दाखवायला सांगितले होते. ते नंतर बायकोचे मामा निघाले.) अशा माणसाला कुणी "उघडू नका" म्हणावं आणि त्याने गप्प बसावं, हे कसं व्हायचं? घरी आल्या आल्या समुद्राकडच्या पडवीत, भर वाऱ्यात, त्याने भिंग फिरवून काढलं, आत डोकावला, चंदनने आतलं काही काढून घेतलेलं नाही याची खात्री केली आणि समाधानाने भिंग परत बसवलं.

पण फोटोंकडे जाण्याआधी माशांकडे जावं लागेल.

गुरुदास वर्षभर मासे खाणार नव्हता. हे त्याने ठरवलेलं नव्हतं. त्याची मुलगी समीक्षा सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसली, तेव्हा त्याची बायको सारिका गावच्या देवाला नवस बोलून आली, "चेडवाक नोकरी लागांदे, घरधनी एक वरस मासो तोंडात घालूचो नाय." नोकरी लागली. समीक्षा रत्नागिरीला रुजू झाली, आणि घरधन्याला नवसाची बातमी पेढ्याबरोबर मिळाली. पेढा घशात अडकला.

"नवस तू बोललंस ना? मगे तूच खाव नको," गुरुदास म्हणाला.

"आणि माका चाखूक नको? पावण्यांच्या आमटीत मीठ कमी पडला तर कोण सांगतलो?" सारिका म्हणाली. "आयकून ठेवा. मधीच मोडलात, तर परत पयल्या दिवसापासून. अर्धोमुर्धो नवस देव धरणा नाय. आणि चेडू वरसभर प्रोबेशनवर आसा. तिचा काय वायट झाला तर मी तुमच्याकडेच बघतलंय."

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज सकाळी एक फुली मारायची. या गोष्टीच्या वेळी दोनशे दहा फुल्या झाल्या होत्या. उरले होते एकशे पंचावन्न दिवस.

दुसऱ्या एखाद्या गावात हे जमलंही असतं. पण देवबागला, होमस्टेच्या घरात, रोज दुपारी पाहुण्यांच्या ताटात आपल्या हाताने तळलेली सुरमई वाढायची आणि मग आत जाऊन आपण भेंडी खायची, हे कुणाच्या पत्रिकेत असू नये. पहिले तीन महिने गुरुदासने काढले. मग त्याला दर बुधवारी मालवणला बँकेत काम निघायला लागलं. केवायसी. गेले सतरा बुधवार त्याचं केवायसी चालू होतं. (एवढ्या वेळात परदेशाचं नागरिकत्व मिळतं.) बँकेच्या नावाखाली तो बाजारामागच्या गल्लीत काशीबाईच्या खानावळीत जायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि सुरमईचं ताट मागायचा. खाताना वाईट वाटायचं का? वाटायचं की. पण ते दुसऱ्या तुकडीनंतर.

तर अशी सगळी स्थिती असताना गुरुदासने नव्या कॅमेऱ्याने पहिला फोटो काढला.

समुद्र सरळ आला. वाळू आली, माड आले, निळंभोर आकाश आलं. आणि आकाशात उजव्या कोपऱ्यात एक करडा, गोल, पुसट कडांचा ठिपका आला.

घार असेल, असं गुरुदासला वाटलं. त्याने दुसरा फोटो काढला. ठिपका तिथेच. तिसरा काढला. तिथेच. घार एवढा वेळ एका जागी थांबत नाही, घारीला कामं असतात. त्याने मान वर करून पाहिलं, आकाश रिकामं. कॅमेऱ्याला डोळा लावून पाहिलं, तरी रिकामं. बटण दाबलं, तर फोटोत ठिपका हजर. मग त्याने घरात जाऊन खोल्यांचे फोटो काढले. पलंग, खिडकी, संडासाचा नवा नळ. एकातही ठिपका नाही. मागच्या दाराने खाडीकडे आला आणि होड्यांचा फोटो काढला. वर ठिपका.

पासच्या खिडकीवरचा जुना कारकून गुरुदासच्या आत खडबडून जागा झाला. घराच्या बाहेर आहे, आत येत नाही. डोळ्याला चुकवतो, कॅमेऱ्याला सापडतो. हा ड्रोन.

सीझनमध्ये देवबागला ड्रोन काही नवे नाहीत. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी वाळूत पळतात आणि वर ड्रोन भुणभुणतो. पण हा भुणभुणत नव्हता. गुपचूप होता. म्हणजे कुणीतरी गुपचूप गुरुदासच्या घरावर नजर ठेवून होतं.

पहिला संशय बाबलीवर. बाबली शेजारी, त्याचंही होमस्टे, शिवाय पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची होडी. (डॉल्फिन दिसले नाहीत तर तो गेल्या वर्षीचे मोबाइलवर दाखवतो.) गुरुदास कॅमेरा पोटाशी धरून कुंपणापाशी गेला.

"बाबली, बुकिंग कसा काय?"

"बरां आसा."

"नाय म्हटलां, वरसून बघलां तर आमचा घर कसा दिसत असतला रे?"

"वरसून? नारळ काढूक माडार चडलेलंय तेव्हा बघलंय. कौलां शेवाळलीहत तुझी. पावसाच्या आदी परतून घी."

"आणि माडार न चडता?"

बाबलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुका बरां वाटता मां?"

मग गुरुदासने फोटोच पुढे केला. बाबलीने चष्मा लावला, स्क्रीन नाकाला लावली आणि म्हणाला, "ड्रोनच ता. माझ्या घरार आसा काय बघ." गुरुदासने बाबलीच्या घराचा फोटो काढला. ठिपका बाबलीच्या घरावरही होता.

"आवशीक खाव," बाबली म्हणाला आणि अंगणात वाळत घातलेली चड्डी घाईघाईने काढून आत टाकून आला.

बाबली सुटला. स्वतःच्याच घरावर ड्रोन सोडून स्वतःच चड्डी लपवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण बाहेर येऊन बाबलीने नवीनच शंका काढली.

"गुरुदास, तू येवच्या आदी हय काय नव्हता हा. ह्यो तुझ्या वांगडा इलो."

तुझ्याबरोबर आला. गुरुदासने भिंग फिरवून ठिपका जवळ घ्यायचा प्रयत्न केला. माड जवळ आला, माडावरचा कावळा जवळ आला, कावळ्याच्या चोचीतली सुकी मासळी जवळ आली, ठिपका होता तेवढाच राहिला. म्हणजे आपण जवळ गेलो की तो तेवढाच मागे सरकतो. चालवणारा साधासुधा माणूस नाही, हे त्याने ताडलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. (गुरुदासचे सगळे बेत बुधवारचे असतात. मंगळवारी, गुरुवारी काशीबाई मासे शिजवत नाही.) केवायसीला निघताना त्याने कॅमेरा गळ्यात घातला. पुरावा गोळा करायचा होता. देवबागच्या स्टॉपवर फोटो काढला, ठिपका. मालवणला उतरून स्टँडवर काढला, ठिपका. बंदरावर होड्यांच्या वर ठिपका. मासळी बाजारात छपराखाली काढला, नाही. छपरातून बाहेर आला, आहे. बाजारातल्या बायका त्याला हसायला लागल्या, कारण हा माणूस पापलेटांकडे पाठ करून आभाळाचे फोटो काढत होता.

काशीबाईच्या खानावळीबाहेर त्याने कौलांच्या वर पाहून एक काढला. ठिपका. आत जाऊन, अंधारात, भिंतीवरच्या कॅलेंडराचा एक काढला. ठिपका नाही.

"बाहेर थांबलोहा," गुरुदास पुटपुटला.

"कोण? बोलवा तेका पण, ताट लावतंय," काशीबाई म्हणाली.

सुरमई समोर आली. गुरुदासने पहिला घास घेतला, पण लक्ष सगळं छपराकडे. त्याचं जेवण होईपर्यंत तो वर ताटकळत थांबलाय, ही कल्पनाच गिळवेना. (सुरमई मात्र गिळवली. दोन्ही तुकड्या. अन्नाचा अपमान त्याला आवडत नाही.) हात धुऊन बाहेर आला, फोटो काढला. कौलांच्या वर, उजव्या कोपऱ्यात, ठिपका इमानाने उभा.

परतीच्या एस.टी.त खिडकीपासून लांब, मधल्या सीटवर बसून त्याने डोकं चालवलं. आपण सगळीकडे जातो, तो सगळीकडे येतो. आपल्या मागावर एवढं लक्ष ठेवण्यात फायदा कुणाचा? सरकारचा नाही. बँकेचा नाही, त्यांना तर आपण चार महिन्यांत दिसलेलोच नाही. या पृथ्वीवर एकच व्यक्ती अशी आहे, जिला गुरुदास बुधवारी दुपारी काय खातो हे जाणून घ्यायचंय.

घरी आला तेव्हा ती व्यक्ती मागच्या पडवीत फोनवर बोलत होती.

"होय गो. वर बसवल्यापासून बरां झाला," सारिका सांगत होती. "किती संपला, किती रवला, सगळां हय बसल्या जाग्यार समाजता. नाय, बाबांका अजून सांगूक नाय. तेंका कळला तर उगाच वांदे काढीत बसतले."

(ती समीक्षाशी टाकीवर बसवलेल्या पाण्याच्या यंत्राबद्दल बोलत होती. नवीन यंत्र घरात आलं की गुरुदास ते उघडून बघतो, म्हणून सांगितलेलं नव्हतं. पण हे आपल्याला ठाऊक. गुरुदासला कोण सांगणार?)

गुरुदासने वर आभाळाकडे पाहिलं. मायलेकी मिळून. आणि वर बसवलंय.

पुढचे दोन दिवस देवबागने एक वेगळाच गुरुदास पाहिला. मार्च महिन्यात, कोरड्या ठणठणीत उन्हात, तो छत्री उघडून संडासाला जायला लागला. अंगणातून चालताना माडाच्या सावलीतून पोफळीच्या सावलीत उडी मारून जायचा. वाटेत शर्ट बदलायचा. पाहुण्यांतल्या एका गृहस्थांनी काळजीने विचारलं, "ऊन बाधलंय का?" सारिकाने त्याला कोकम सरबत दिलं, तेही त्याने आधी वास घेऊन प्यायलं. आणि एवढं करून रोज संध्याकाळी फोटो काढावा, तर ठिपका होता त्याच कोपऱ्यात. हटत नव्हता.

शुक्रवारी दुपारी जेवणाआधी समीक्षाचा फोन आला. आवाज पडलेला होता. "बाबा, आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझी फाईल परत फेकली. म्हणाले, असंच चाललं तर तुमच्या प्रोबेशनचं कठीण आहे."

 इतके दिवस गुरुदासला भीती होती ती बायकोची. आता पहिल्यांदा खरं वाईट वाटलं. एकुलती एक पोर, रात्ररात्र जागून अभ्यास केलेला, आणि बाप तिच्या नोकरीच्या बदल्यात सतरा बुधवार सुरमई खाऊन आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने फोन ठेवला आणि तसाच ताटावर जाऊन बसला.

सारिकाने भात वाढला. भेंडी वाढली. मग सहज, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "केवायसीचा काय झाला ओ तुमच्या?"

संपलं. गुरुदास कोसळला.

"तुका सगळां म्हायत आसा, मगे इचारतंस कित्याक?" तो म्हणाला. "खाल्लंय. मी सुरमय खाल्लंय. काशीबाईकडे. दर बुधवारी. सतरा बुधवार."

सारिकाचा आमटीचा डाव हातातच राहिला. ती काही बोलत नव्हती, कारण तिला अजून काही समजलेलंच नव्हतं. गुरुदासला मात्र तिची गप्प राहण्याची रीत ओळखीची होती. खिडकीवर तो स्वतः हेच करायचा. समोरच्याकडे नुसतं बघत राहायचं, की तो उरलेलंही ओकतो. हिच्याकडे आणखी पुरावा आहे, हे त्याला दिसलं.

"बरां, बुधवारच नाय," तो म्हणाला. "गणपतीनंतर पावण्यांका वाढताना दोन बांगडे सोलकढीच्या भांड्यात लपवलेलंय. मागीर खाल्लंय. कढी आंबाट होती."

सारिका गप्प.

"आणि सरंग्याची तुकडी मांजरान पळवल्यान म्हणालंय ना? ता मांजार नव्हता."

आता मात्र सारिका बोलली. "मी त्या मांजराक काठयेन मारून घालवलंय."

"म्हायत आसा गो. तेव्हा माका घास लागलो होतो."

"आणि?"

"आणि नाय. शपथ. मोरी माशाचा मटण एकदा नुसता हुंगलंय, ता धरू नको." त्याने हात जोडले. "चेडवाचा काय वायट होता नये म्हणान सांगतंय. आता तरी तो ड्रोन खाली उतरव."

"खंयचो ड्रोन?"

गुरुदासने डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यात राग होता, आश्चर्य होतं, पण ड्रोन कुठेच नव्हता. एकतीस वर्षं चेहरे वाचलेल्या माणसाला हे कळायला एक क्षण पुरला. आपण एकट्याने, कुणी मागितलेला नसताना, सगळा जबाब लिहून दिलाय, हे ध्यानात यायला दुसरा.

"दाखवा खंय आसा ड्रोन," सारिका म्हणाली.

कॅमेरा आला. सारिका रोज तांदूळ निवडते, डाळ निवडते, खडा तिच्या नजरेतून सुटत नाही. तिने अंगठ्याने पटापट फोटो पुढे सरकवले. समुद्र, खाडी, बाबलीचं घर, मालवण बंदर, स्टँड, खानावळीची कौलं. (तिथे ती जरा थांबली. गुरुदासने खाली मान घातली.)

"ह्या ड्रोनाक दुसरी जागा गावना नाय काय?" ती म्हणाली. "सगळ्या फोटोंत त्याच कोपऱ्यात, तेवढोच. हयसून मालवणापर्यंत जरा म्हणान हलाक नाय?" तिने पदराने स्क्रीन पुसली, मग भिंग पुसलं, एक फोटो काढला. ठिपका तसाच. "कॅमेराच्या आत कायतरी गेलाहा. कापडां घाला. कसालाक चला."

चंदनने स्टुडिओत भिंग उतरवलं, बॅटरीचा उजेड आत मारला आणि हसला. "काका, आतल्या काचेर रेतीचो कण बसलोहा."

"एक कण?" गुरुदास म्हणाला.

"एकच. भायर ऊन आसला काय कॅमेरो आपलो डोळो बारीक करता, आपण उन्हात करतो तसो. मगे कणाची सावळी घट्ट पडता, आभाळात उठान दिसता. घरात काळोख, डोळो मोठो होता, सावळी पुसट होऊन जाता."

"पण डोळो लावन बघलां तेव्हा दिसाक नाय."

"तेव्हा तुम्ही भिंगातसून थेट बघतास. कण मागच्या काचेर आसा. तो फोटोतच येतलो. भिंग कितीय फिरवा, तेवढोच येतलो." चंदनने रबराची छोटी पिचकारी घेतली, कॅमेरा पालथा धरला आणि दोनदा फुस्स केलं. दारात जाऊन आभाळाचा फोटो काढून दाखवला. निळं, कोरं, चारही कोपरे रिकामे. चार दिवस जो देवबागपासून मालवणपर्यंत गुरुदासच्या मागे फिरला, जेवण होईपर्यंत छपरावर ताटकळत थांबला, तो एका फुंकरीत गेला.

"पण कण गेलो कसो आत?" चंदनने विचारलं. "भिंग उघडलेलास काय?"

"नाय," गुरुदास म्हणाला.

सारिकाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"उघडलेलंय," गुरुदास म्हणाला.

 घरी आल्यावर सारिका कॅलेंडरपाशी गेली, दोनशे तेरा फुल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या माझ्या हातातला नाय. देवाक इचारूक होया."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदास देवळात उभा होता. आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, उघड्या अंगाने. आपल्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात ते चारचौघांत घालतात. गुरव मोठ्याने देवाला सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार भरतात. एरवी एवढ्या सकाळी चार माणसं जमवताना नाकी नऊ येतात. त्या दिवशी तीस होती. बाबली सगळ्यांत पुढे, केस विंचरून.

शिवा गुरवाने सगळी हकीकत सारिकाकडून नीट ऐकून घेतली होती. त्याने नारळ ठेवला आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझो लेकरू गुरुदास तुझ्या पायाकडे उभो आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घरकारणीन तुका नवस बोललेलो, तो ह्येणा मोडल्यान म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" (इथे जरा आवाज खाली घेता आला असता, असं गुरुदासला वाटलं.)

"केवायसी करतंय म्हणान गेलो आणि सतरा बुधवार सुरमय खावन इलो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"दोन बांगडे कढीत बुडवल्यान, सरंगो गिळल्यान आणि मांजराच्या नावार घातल्यान म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मागून कुणीतरी बाई हसली. गुरुदासने डोळे मिटून घेतले.

"मोरीचा मटण हुंगल्यान, पण ता खाऊक नाय म्हाराजा. जा काय चुकला ता पोटात घाल. ह्येच्या चुकीची शिक्षा चेडवाक करू नको, तिची नोकरी सांभाळ. नवस होतो तसोच फुडे चालू ठेवूचो तर उजवी कळी दी, पयल्यापासून करूचो तर डावी दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

शिवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवल्या आणि कोणती आधी पडते ते सगळे बघत राहिले. गुरुदासने एक डोळा उघडला. त्याला नोकरीत कधी बढतीच्या यादीची एवढी धास्ती वाटली नव्हती. डावी जरा हलल्यासारखी झाली. गुरुदासने देवाला मनातल्या मनात सांगितलं, पोरीचं तेवढं बरं कर, माझं काय व्हायचं ते होऊ दे. हे त्याने अगदी खरं सांगितलं. आणि टप्प करून उजवी कळी पडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवाने त्याच्या कपाळाला अंगारा लावला. तेवढ्यात रत्नागिरीहून समीक्षाचा फोन, साहेबांचा आत्ताच फोन आला, फाईल भलत्याच माणसाची होती, चूक झाली म्हणाले.  गुरुदासने देवाला लोटांगण घातलं. दोनशे चौदा दिवस जमेला, उरले एकशे एक्कावन्न. पावसाआधी नाही जमणार, पण नारळी पौर्णिमेनंतर पहिली सुरमई. उठून तो हसतमुखाने बायकोकडे वळला.

सारिकाने देवाला नमस्कार केला, पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "देवान माफ केल्यान, देवाचे उपकार. देवाचो नवस आसा तसो चलांदे. पण चार म्हयने खोटां बोललास ता देवाकडे नाय, माझ्याकडे. तेका अजून एक वरस. आजपासून मोजतलंय."

आणि जमलेली तीस माणसं, तोंडात बसलेलं होतं म्हणून, एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज बाबलीचा होता. त्याच्या खालोखाल, सवयीने, गुरुदासचा.